श्वास सोडा म्हणायचं राहिलं

“हलू नका म्हटलं होतं ना? हसलात तुम्ही.”

“हसले नाही, चिडले!” मी त्या बोगद्यासारख्या यंत्रातूनच ओरडले. “श्वास घ्या, रोखा, सोडा... मी काय फुगा आहे?”

कानावरच्या हेडफोनमध्ये हसू ऐकू आलं. काचेपलीकडे बसलेला एमआरआयचा तंत्रज्ञ होता तो. माझ्या यकृतात किती चरबी आहे, ते त्याचं यंत्र सुईसुद्धा न टोचता मोजणार होतं. आईचं यकृत निकामी झालं होतं. दादाचा रक्तगट जुळला नाही, म्हणून माझ्या यकृताचा तुकडा तिला द्यायचा होता.

बाहेर येताच विचारलं, “किती आली?”

“रिपोर्ट डॉक्टर सांगतील.”

डॉक्टरांनी सांगितलं. शंभरात चौदा भाग चरबी! ती बरीच कमी झाल्याशिवाय तुकडा घेता येणार नाही. दारूचा थेंब कधी घेतला नाही मी, आणि हे यकृत माझ्या नकळत मजेत लठ्ठ होत बसलं होतं. तेही आईला गरज असताना!

तणतणत त्या तंत्रज्ञाच्याच दारात गेले. “तुमचं यंत्र बिघडलंय. घरात मला काडी म्हणतात!”

“बारीक माणसाच्याही यकृतात साचते हो. बसून काम असतं का तुमचं?”

“तुमचं नाही?”

“आहे की...” तो खुर्चीतून उठलाच. “मग उद्या सकाळी मैदानावर या. दोघंही चालू.”

आगाऊ कुठला! पण गेले. गोड सुटलं, तळलेलं सुटलं, आणि रोज सकाळी ओल्या गवतातून आमची वरात निघू लागली. मी पुढे, तो धापा टाकत मागे.

“अहो, वाघ लागलाय का मागे?”

“आई थांबलीय,” मी म्हणाले.

तो पावलं वाढवून माझ्या बरोबरीने चालू लागला. त्यानंतर कधी मागे पडला नाही. माझा राग यकृतावर होता, त्याच्यावर नव्हताच, हे मला फार उशिरा कळलं.

पुन्हा तपासणीचा दिवस आला.

“श्वास घ्या... रोखा.”

रोखला. यंत्राची ठकठक थांबली. छाती फुटायची वेळ आली, तरी हा गप्प! शेवटी श्वास सोडला आणि मदतीसाठी हातात दिलेला रबरी गोळा कचकचून दाबला. तो धावतच आला. मला बाहेर काढलं, तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते.

“जीव गेला असता माझा! सोडा कोण म्हणणार?”

“राहिलंच... आकडा बघत होतो.”

“वाढला?”

“रिपोर्ट डॉक्टर—”

“डॉक्टर राहू द्या!”

“चार,” तो पुटपुटला.

मी त्याचा हातच धरला. “मग रडायला काय झालं?”

“आता तुम्हाला टेबलावर घेतील... कापतील. इतके दिवस फक्त आईंचा विचार केला. आज कळलं, मीच तुम्हाला चालवत तिथवर आणलंय. तुम्हाला काही झालं तर मी...”

“तर काय? बोला की! अजून किती श्वास रोखू?”

“आवडता तुम्ही मला. फार.”

असा संताप आला! रोज सकाळी माझ्या शेजारून चालला हा माणूस, आणि सांगतोय कधी, तर मी ऑपरेशनला निघाल्यावर!

“हा रिपोर्ट तरी वेळेवर द्यायचा होतात!” हात मात्र मी सोडला नाही. “आता ऐका. मी शुद्धीवर येईन तेव्हा समोर उभं राहायचं. आधी आईची खबर द्यायची. आणि मग—”

“मग?”

“मग मला श्वास घ्या म्हणायचं. सोडा म्हणायचंही. विसरलात तर बघा!”