टॉवेलवाल्याचं ग्राफिक्स कार्ड

“ताशाचं कार्ड? फुकट दिलं तरी घेऊ नकोस!”

उसाच्या रसाचा पहिलाच घोट माझ्या घशात अडकला. अक्कलकोट रोडवरची ती रसवंती, मे महिन्यातली दुपार, वर तापलेला पत्रा... आणि शेजारच्या बाकावर एक उंचसा माणूस आपल्या मित्राला शहाणपण शिकवत होता. तो आवाज मी लगेच ओळखला. का नाही ओळखणार? गेला महिनाभर आमच्या पुण्याच्या ऑफिसात दुसरं काही वाजतच नव्हतं. कुण्या सोलापूरकरानं ‘हे कार्ड घेऊ नका’ म्हणून मोबाइलवर व्हिडिओ टाकला होता. त्यात नुसते दोन हात दिसायचे, एक जळकं कार्ड दिसायचं आणि हा आवाज ऐकू यायचा – खर्जातला, मिस्कील, गोड. शत्रूचा आवाज इतका गोड असू नये, असं माझं तरी मत आहे.

मी प्रियदर्शनी. मूळची बार्शीची, ताशा ग्राफिक्स कंपनीत इंजिनिअर. संगणकाच्या पडद्यावर चित्रं, डिझाइनं, व्हिडिओ भराभर हलतात ते ज्या कार्डामुळं, त्याची चिप आमची कंपनी तयार करते. या धंद्यात परदेशातल्या दोन बड्या कंपन्या ऐसपैस पाय पसरून बसल्यात आणि आम्ही आपले कोपऱ्यात अंग चोरून. पहिलं कार्ड स्वस्त म्हणून बरं खपलं. दुसऱ्यावर कंपनीनं होतं नव्हतं ते सगळं लावलं... आणि नेमका तेव्हाच हा व्हिडिओ! आमचे मोठे वितरक शहाजीराव यांनी हात वर केले. “सोलापूरचं काय ते आधी मिटवा, मग नव्या कार्डाची ऑर्डर.” ती ऑर्डर गेली असती तर नवं कार्ड बाजारात आलंच नसतं, आणि कंपनीला टाळं लागलं असतं. म्हणून मला सोलापूरला पिटाळलं होतं.

“काय हो, एवढं काय वाकडं केलंय त्या कार्डानं तुमचं?” मी विचारलं.

त्यानं वळून पाहिलं. मग खांद्यावरच्या टॉवेलनं बाकाची धूळ झटकली – माझ्यासाठी. “बसा की. रस उभ्यानं पिऊ नये... वाकडं म्हंजे? चार जळाली माझी. कारखान्यात टॉवेलची डिझाइनं करायला घेतली हुती. आधी तापतंय, मग अडकतंय, मग मरतंय.”

“मग पाचवं लावून बघा.” मी पिशवीतला नव्या कार्डाचा खोका काढून बाकावर ठेवला.

त्यानं खोक्यावरचं नाव वाचलं. मग असा हसला, की रसवंतीवाला चरक थांबवून बघायला लागला.

“कंपनीनं तक्रारीला उत्तर धाडलं म्हणायचं!”

“उत्तर नाही, इंजिनिअर धाडलीय.”

“तसं असंल तर,” तो मान तिरकी करून म्हणाला, “तक्रार करायला जरा उशीरच केला म्या.”

मला राग यायला हवा होता. आला... पण थोडा उशिरा आला.

त्याचं नाव विरेश. कारखाना जवळच होता. आत यंत्रमागांचा खडखडाट, हवेत तरंगणारी रुई, आणि मागांच्या दालनाला लागूनच अर्ध्या भिंतीआड डिझाइनचा संगणक. तो बघून मी कपाळाला हात लावला. संगणकाच्या डब्याला चारी बाजूंनी जाडजूड निळा टॉवेल गुंडाळलेला होता, वरून हळदीकुंकू वाहिलेलं!

“हे काय, बारशाचं बाळ आहे का?”

“धूळ जाती न्हवं आत!” विरेश छाती फुगवून म्हणाला. “आमचाच टॉवेल हाय. डिझाइन माझं. बाजारातला सगळ्यात जाड.”

मी टॉवेल सोडला, डबा उघडला, जळकं कार्ड बाहेर काढलं. पंख्याच्या पात्यांत निळ्या रुईचा असा थर बसला होता, की बोटानं ओढला तर गादीसारखा सोलून आला. रुईचा रंग आणि टॉवेलचा रंग... एकच!

“तुमच्या टॉवेलनं जीव घेतला माझ्या कार्डाचा!” मी ओरडले. खरं सांगते, इतका आनंद मला पहिल्या पगाराचाही झाला नव्हता.

विरेशचा चेहरा पडला. मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण थांबेन ती मी कसली? टॉवेल बाजूला भिरकावला, नवं कार्ड बसवलं, त्याचं अवघडातलं अवघड डिझाइन चालू केलं. “आता उद्या बघा, कसं पळतं!”

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पळत नव्हतं, अडखळत होतं. टॉवेल नव्हता, तरी आमचा उघडा पंखा मागांच्या दालनातली रुई खुशाल ओढून घेत होता. कोऱ्या पंख्याला पांढरी दाढी आली होती. मी मान खाली घालून बसले. आता हा टाळ्या पिटणार, दुसरा व्हिडिओ काढणार...

समोर ताकाचा पेला आला.

“दोगंबी हरलो म्हणायचं,” विरेश हळूच म्हणाला. “प्या. डोकं शांत हुईल.”

बस्स. तिथंच मी त्याच्या प्रेमात पडले. प्रेमकथेला पाऊस लागतो म्हणतात. सोलापूरनं ताकावर भागवलं.

तेवढ्यात पुण्याहून आमच्या साहेबांचा फोन आला, तो घेऊन मी अंगणात गेले. टॉवेलचं त्यांना कालच कळवलं होतं. “त्यानं टॉवेल गुंडाळला होता ना? मग फोटो टाक, ‘ग्राहकाची चूक’ म्हणून जाहीर करून टाक. विषय संपला!”

सोपं होतं. टॉवेल सोडण्याआधी काढलेला फोटो माझ्या मोबाइलमध्येच होता. पण उद्या सगळा महाराष्ट्र विरेशच्या टॉवेलला हसणार होता, आणि आमचा पंखा पुढच्या कारखान्यातही मरणारच होता.

“नाही साहेब,” मी म्हणाले. “अर्धी चूक आपली आहे. सुताच्या गावात आपण उघडा पंखा पाठवलाय. मला थोडे दिवस द्या.”

फोन ठेवून वळले तर दारात विरेश. त्यानं सगळं ऐकलं होतं.

“अर्धी तुमची,” तो म्हणाला, “तर उरलेली माझी. ती माझी मी सांगतो लोकांना.”

“आणि तुमचा धंदा?”

उत्तर त्याच्या आईनं दिलं. चन्नम्मा – सगळा कारखाना त्यांना अव्वा म्हणायचा – सुताच्या कांड्या मोजता मोजता म्हणाल्या, “खरं सांगाया लाज कसली? नवा टावेल रुई सोडतोच. दोन पाण्यातनं काढला की न्हाय सोडत. हे बी सांग त्यात.”

मग आम्ही कामाला लागलो. पंख्यावर बसेल अशी जाळी हवी होती – हवा आत घेणारी, रुई अडवणारी. विरेशनं एका मागावर नायलॉनचा बारीक धागा चढवला. वीण घट्ट झाली की कार्ड तापायचं. विरळ झाली की रुई आत शिरायची. मी आकडे सांगायचे, तो वीण बदलायचा. कापडाचा तुकडा उजेडात धरून बघताना आमची डोकी जवळ यायची... आणि मग दोघांनाही काय बघत होतो तेच आठवायचं नाही.

“वीण बघताय की इंजिनिअर?” मी विचारायचे.

“वीण बिघडली तर पुन्हा लावता येती,” तो जाळीवरची नजर न काढता म्हणायचा. “तुमी परत गेलात तर...?”

पुढचं तो गिळून टाकायचा. माझ्या कानाच्या पाळ्या मात्र तापायच्या, आणि त्याला उन्हाचा काही संबंध नव्हता.

जाळी जमली. विरेशनं दुसरा व्हिडिओ टाकला. या वेळी चेहरा दाखवून. निळा टॉवेल हातात धरून म्हणाला, “कार्ड ह्यानं मारलं, आन् म्या. कंपनीनं बी पंखा उघडा ठेवला हुता. आता दोगांनी मिळून दुरुस्त केलंय. ज्याला शंका असंल त्यानं हितं येऊन बघावं.”

शंका शहाजीरावांनाच होती. ते स्वतः आले. सकाळी सगळे माग सुरू केले, संगणकावर टॉवेलचं डिझाइन आणि एका लग्नाचा लांबलचक व्हिडिओ, दोन्ही एकदम लावलं. शहाजीराव डब्यावर हात ठेवून बसले. बाहेर रस्ता चटके देत होता. दुपारपर्यंत शहाजीरावांचा सदरा घामानं चिंब झाला. मी नखं खाऊन संपवली. माझ्या कंपनीचं मरण-जगणं त्या एका पंख्यावर फिरत होतं. पण चित्र एकदाही अडखळलं नाही. दिवस कलला, माग बंद झाले, मी डबा उघडला. रुई सगळी जाळीवर. बोटानं पुसली, निघून गेली. आतला पंखा कोरा करकरीत!

शहाजीराव उठले. “बड्या कंपन्या गारेगार खोल्यांसाठी कार्डं करतात. आमच्या मागवाल्यांचा विचार कुणी केला नव्हता. आधी ठरली होती त्याच्या दुप्पट पाठवा. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी... सगळीकडं लावतो. आणि प्रत्येक कार्डाला ही जाळी पाहिजे!”

मी आनंदानं किंचाळले. अव्वांनी कामगारांना पेढे वाटले. पुण्याच्या ऑफिसात लोक खुर्च्यांवर चढून नाचल्याचं फोनवरच कळलं. मग साहेबांचा आवाज आला, फोन स्पीकरवर लावलेला होता: “प्रियदर्शनी, अशा कार्डांसाठी बेंगळुरूला नवा विभाग काढतोय, प्रमुख तू! लगेच तिकडं जा.”

विरेशच्या हातातला पेढा तसाच राहिला. “अभिनंदन, मॅडम,” म्हणाला आणि बाहेर अंगणात निघून गेला. मॅडम! इतक्या दिवसांत पहिल्यांदा!

साहेबांशी बोलणं संपवून मी मागोमाग गेले. तो वाळत घातलेल्या टॉवेलांच्या रांगेत पाठमोरा उभा होता.

“कधी निघणार?” त्यानं न वळता विचारलं.

“तुम्हाला काही म्हणायचंय का?”

“न्हाय.”

“मग मी म्हणते. मला तुम्ही आवडता, विरेश. लई आवडता. तुमचा आवाज आवडतो, तुमचं खरं बोलणं आवडतं... आणि साहेबांना आत्ताच सांगितलं, विभाग बेंगळुरूला नको, सोलापुरात काढा.”

तो गर्रकन वळला. “मग... काय म्हणाले?”

“एवढी ऑर्डर आणलीय मी! नाही म्हणायची बिशाद आहे का कुणाची?”

“हे आधी सांगायचं की! हितं जीव चाललाय माझा...” त्याचे डोळे भरून आले होते आणि तो हसत होता. “अव्वा! ए अव्वा! मी हिच्याशी लग्न करू का?”

दारात अव्वा, शहाजीराव, अख्खा कारखाना जमला होता.

“मला काय इचारतोस?” अव्वा कडाडल्या. “तिला इचार की!”

त्यानं माझ्याकडं पाहिलं. “करशील?” एवढंच म्हणाला. पहिल्यांदा... ‘तू’ म्हणून.

पुण्यात राहून घासूनपुसून बोलायला शिकलेली मी, साहेबांना इंग्रजीत गप्प करणारी मी... तोंडातून निघालं ते शुद्ध बार्शीचं.

“व्हय की!”