भिंतीकडची खुर्ची

“तो चमचा पर्समध्ये घालणार असाल तर माझी हरकत नाही,” शेजारच्या टेबलावरून आवाज आला, “पण जरा हळू. मॅनेजर इकडेच बघतोय.”

तिने चमचा झटकन खाली ठेवला. कान तापले. “चोरत नव्हते. वजन बघत होते.”

“चांदीचा नाही तो. दातांचा डॉक्टर होतोय मी, धातू कळतो मला.”

“चांदी नकोय. जड हवाय. हलका असला की...”

ती थांबली. हलका असला की जास्त थरथरतो, हे परक्या माणसाला कशाला सांगायचं?

कॉलेजांच्या जिवावर जगणारं गाव ते. सत्राच्या सुट्टीत पोरांना भेटायला घरचे यायचे, आणि त्यांना जेवायला कुठल्या हॉटेलात न्यायचं, या विवंचनेत पोरं आधीच अर्धी व्हायची. बाकीच्यांना काळजी चवीची आणि बिलाची. हिला चव सोडून बाकी सगळ्याची. तिचे बाबा पेंटर. उभा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेला. पट्टी न लावता ते रेघ ओढायला लागले की रस्त्यावरचे लोक थांबून बघायचे. आता तोच उजवा हात कापतो, आणि भरलेला पेला ओठांशी पोचेपर्यंत निम्मा होतो. पुढे गिळणंही जड जाईल, असं डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं. म्हणजे हॉटेलात जाऊन जेवणं बहुधा हे शेवटचंच. बरोबर आत्या येणार होती, आणि आत्याच्या जिभेला धार लावावी लागत नसे. चारचौघांत बाबांची शोभा होऊ नये, एवढंच हिला हवं होतं. त्यासाठी जड चमचा, खोल वाटी, जाड बुडाचा पेला. आणि कोपऱ्यातलं टेबल.

नेमकं ते टेबल दातवाल्याने आधीच सांगून ठेवलं होतं.

“तुम्हाला कशाला हो कोपरा?”

“आई-बाबा येतायत. वेगळे राहतात. एकत्र बसले की आवाज चढतो. कोपऱ्यात निदान दोन बाजूंनी तरी ऐकणारं कोणी नसतं.”

ती हसली. हसायची सवयच मोडली होती तिची, त्यामुळे जरा जास्तच हसली.

“मग तुमच्यासाठी दुसरा कोपरा शोधू,” तो म्हणाला. “गावात हॉटेलं रग्गड, आणि कोपरे प्रत्येकात चार.”

असे दोघं हिंडायला लागले. एका हॉटेलात खुर्च्या डुगडुगत होत्या. एकात गाणी इतकी मोठ्याने, की “सूप कसंय?” हे त्याने तिच्या कानाशी वाकून विचारलं, आणि सूप कसं होतं ते तिला काही केल्या आठवेना. ‘अहो’ कुठल्या टेबलावर विसरून राहिलं, ते कोणीच परत आणायला गेलं नाही.

प्रत्येक ठिकाणी ती चमचा भरून घ्यायची आणि हात मुद्दाम हलवून बघायची. एकदा सूप बाहीवर सांडलं. तिने आधी आजूबाजूला पाहिलं, मग बाही पुसली. ते त्याच्या नजरेतून सुटलं नाही.

“बाबांना विचारलंस का, त्यांना कुठे बसायचंय?”

“त्यात विचारायचं काय?”

“नाही, म्हणजे... लाज नक्की कोणाला वाटतेय?”

दात ठोकून दुखरा तेवढा हुडकायची विद्याच शिकत होता तो. ती उठली. “लोकांच्या तोंडात बघ. आमच्या घरात नको.”

मग भेट नाही, बोलणं नाही. घरचे यायच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला.

“ठेवू नकोस. पहिल्या हॉटेलातला कोपरा तुम्हाला दिलाय. आई म्हणाली, ते येणार असतील तर मी नाही. बाबा म्हणाले, ती येणार असेल तर मी नाही. वेगळे झाल्यापासून पहिलंच एकमत.”

तिने काही बोलायच्या आत फोन बंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा आले, बरोबर आई आणि आत्या. सदऱ्याची बटणं आईने लावलेली, हात खिशात. तिने त्यांना कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून बसवलं. पाठमोऱ्या माणसाचा हात कोणाला दिसत नाही. बाबा बराच वेळ कोऱ्या भिंतीकडे बघत राहिले.

“पोरी, गृहपाठ राहिलाय का माझा?”

“असं काय बाबा...”

“लपवलंय तुला, दादा,” आत्या म्हणाली. “दुसरं काय?”

बाबा उठले आणि शेजारच्या, काचेकडे तोंड असलेल्या खुर्चीत जाऊन बसले. समोर भरलेलं हॉटेल, काचेपलीकडे रस्ता, आणि रस्त्यापलीकडे ओळीने पाट्या. त्यांचा चेहराच बदलला. “ती औषधवाल्याची बघ. अक्षरं झोकात सुरू झाली आणि पुढे दबत गेली. शिडीवर घाबरला गडी.”

सूप आलं. बाबांनी जड चमच्याने दोन-तीन घास तोंडापर्यंत नीट पोचवले. मग हात सुटला. सूप सदऱ्यावर, टेबलावर, आणि चमचा फरशीवर खणकन.

सगळं हॉटेल वळलं. एका बाईने आपल्या लेकराचं तोंड धरून दुसरीकडे फिरवलं. मग एकेक मान आपापल्या ताटात परत गेली. दाराशी एकटा बसलेला दातवाला मात्र बघतच राहिला. बाबांकडे नाही, तिच्याकडे. त्याच्या नजरेमागोमाग तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. नॅपकिन तिने बाबांच्या सदऱ्याला लावलाच नव्हता. दोन्ही हातांनी उघडून पडद्यासारखा धरला होता... लोकांच्या आणि त्यांच्या मध्ये.

“खाली घे ते,” बाबा म्हणाले. “पाट्या दिसत नाहीत.”

तिने नॅपकिन खाली घेतला. सदरा पुसला. आपला चमचा भरून त्यांच्या ओठांशी नेला. बाबांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, आणि तोंड उघडलं. आई खाली बघत आपल्या नॅपकिनने टेबलावरचं सूप टिपत राहिली.

“तो दाराशी कोण गं?” आत्या म्हणाली. “मघापासून सूप सोडून तुलाच बघतोय.”

“दातवाला आहे.”

“मग बोलाव की,” बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले. “या टेबलावर एकाला तरी धड चावता येऊ दे.”

भरलेल्या हॉटेलातून ती दारापर्यंत चालत गेली. बाहीला सूप लागलं होतं. तिने ते पुसलं नाही.

“त्या दिवशी तू विचारलंस ना, लाज कोणाला...”

“चुकलंच माझं. मी—”

“मला वाटत होती,” ती म्हणाली. “अजूनही वाटते, थोडी.”

त्याने समोरची सुपाची वाटी बाजूला सारली.

“ये. एक खुर्ची रिकामी आहे. भिंतीकडची. पण शेजारी... मी आहे.”

तो उठला. टेबलावरचा कोरा चमचा उचलून त्याने हातावर तोलला. “हा आणू? त्यांचा खाली पडलाय. जड आहे हा.”

“आण,” ती म्हणाली. “पर्समध्ये घालायचा नाही हं.”

बोलली त्याच्याशी, पण डोळे कोपऱ्यावर होते. तिथे बाबा रस्त्यापलीकडच्या पाट्या वाचत तिने मघाशी भरवलेला घास अजून गिळत होते.