पासष्ट इंची कागदी टीव्ही

“काका, पासष्ट इंची नका घेऊ. तुम्ही टीव्ही बघण्याऐवजी टीव्हीच तुम्हाला बघत बसेल.”

दिवाळीच्या सेलचा नुसता गोंधळ, शंभर टीव्ही एकाच वेळी बोंबलताहेत, आणि त्यात दिल्लीच्या दुकानात कानावर हे मराठी! बाबा दचकले. मी गर्रकन वळले.

उंच मुलगा. हातात स्पीकरच्या वायरचं भेंडोळं, कपाळावर आलेले केस, आणि डोळे... जाऊ दे, डोळ्यांबद्दल लिहायला बसले तर टीव्ही राहून जाईल.

“अरे भैया, मेरा ग्राहक क्यों भगा रहे हो?” सेल्समन वैतागला.

“आम्ही मराठी हे कसं कळलं तुला?” मी विचारलं.

“काका मघाशी या सेल्समनना ‘अहो, जरा थांबा’ म्हणाले. ते ऐकून कोणी थांबलं नाही, म्हणून मी थांबलो.”

मी हसले नाही. म्हणजे, हसले, पण आतल्या आत. वार्षिक समारंभात अख्ख्या शाळेसमोर सूत्रसंचालन करून मी नुकतीच स्टार झाले होते. कुणाच्याही विनोदावर लगेच हसणं माझ्या इमेजला शोभत नव्हतं, यार.

त्याचं नाव सुधन्वा. बारावीत, माझ्याहून एक वर्ष पुढे, आणि राहायला आर. के. पुरममध्येच, आमच्यापासून दोन सेक्टर पलीकडे. स्पीकरचं वेड. बाबा तिथेच विरघळले, कारण बाबांकडे लाकडी पेटीचे दोन स्पीकर आहेत, माझ्या कमरेएवढे उंच. नागपूर, पुणे, दिल्ली... प्रत्येक बदलीला ते ट्रकमध्ये नाही, आमच्याबरोबर गाडीत आलेत. आई त्यांना ‘माझ्या सवती’ म्हणते.

“ये उद्या घरी. आमचा हॉल बघ,” बाबा म्हणाले.

आणि तो आला. मोजायची टेप, कात्री, चिकटपट्टी आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन. त्याची एक पद्धत होती: टीव्ही घ्यायच्या आधी त्याच मापाचा कागद भिंतीवर लावायचा आणि चार दिवस त्याच्याकडे बघायचं. आधी त्याने पासष्टचा कागद लावला. बाबांचा एक स्पीकर थेट बाल्कनीच्या दारामागच्या कोपऱ्यात गेला.

“कोपऱ्यात कोंबला की नुसता घुमतो, काका. माणूस बादलीत तोंड घालून बोलतोय असं वाटतं.”

मग पंचावन्नचा. दोन्ही बाजूंना स्पीकरना ऐसपैस जागा. सरकारी क्वार्टरचा तो एवढासा हॉल एकदम शहाण्यासारखा दिसायला लागला.

“तू दिवाणावर मधोमध बस,” तो मला म्हणाला.

“का?”

“आवाज तिथेच नीट जुळतो. सांग आता.” गुडघ्यांवर बसून त्याने स्पीकर माझ्याकडे जरासा वळवला. “असा?”

“अजून थोडा...”

“असा?”

“अजून.”

मला काडीचाही फरक कळत नव्हता. पण दर वेळी तो वळून माझ्याकडे बघत होता ना! उघड्या खिडकीतून सप्तपर्णीच्या फुलांचा वास येत होता. त्या वासाने माझं डोकं दुखतं. त्या दिवशी नाही दुखलं.

पुढच्या रविवारी रुचिरा आली. रुचिरा माझी मावसबहीण. गुरुग्राम, अठरावा मजला, पंचाहत्तर इंची टीव्ही. केस असे सरळ, की वाटावं रोज कोणी पट्टी लावून आखून देतं. सुधन्वा तेव्हा स्पीकरच्या वायरी जोडत होता. रुचिरा जाऊन बसली दिवाणावर. मधोमध. माझ्या जागी!

“वॉव, सो क्यूट! कागदाचा टीव्ही!” ती म्हणाली. “ए, आमच्याकडे पण ये ना. पाच स्पीकर आहेत, पण आवाज नीट येतच नाही.”

“पाच?” सुधन्वाचे डोळे... हो, तेच डोळे... लकाकले. “कधी येऊ?”

कधी येऊ! मी चहाचा ट्रे इतक्या जोरात ठेवला, की खारी उडून बशीबाहेर पडली.

तो गेला. मेट्रो बदलून, टेप घेऊन, पार गुरुग्रामला. संध्याकाळी रुचिराचा फोन: “काय स्वीट आहे गं तो सुधू!”

सुधू? एका दिवसात सुधू?

मी आरशासमोर उभी राहून स्वतःला बजावलं, स्वरूपा, तू आठशे लोकांसमोर बोललीस, तू कुणावर जळत नाहीस. आणि तशीच तरातरा हॉलमध्ये जाऊन जाहीर केलं, “बाबा, आपण पासष्टच घ्यायचा. फायनल.”

“आणि माझे स्पीकर?”

“माळ्यावर! आता टीव्हीतच मस्त आवाज असतो.”

सवती माळ्यावर जाणार म्हणून आई लगेच माझ्या पार्टीत आली. रुमाल काढून बाबांनी एका स्पीकरवरची धूळ पुसली. मला कसंतरीच झालं... पण मनात तो पंचाहत्तर इंची टीव्ही आणि त्याच्यासमोर बसलेला सुधू. माघार नाही!

पासष्ट इथे झकास बसतो हे सिद्ध करायला मी स्वतः कागद कापला. टेपने मोजून बरोब्बर पासष्ट इंच लांब, आणि उंची दिसायला बरी वाटेल इतकी. आठ-दहा पानं जोडली. स्टुलावर चढून तो लावला, तर तो विजेच्या बटणांवर गेला, दुसऱ्या बाजूने बाल्कनीच्या दारावर. असू दे! दार थोडं कमी उघडू.

तेवढ्यात बेल वाजली. बाबांनी सुधन्वाला बोलावलं होतं, आणि स्वतः ‘भाजी आणतो’ म्हणून आईला घेऊन खाली सटकले होते.

सुधन्वा दारातच थबकला. भिंतीकडे बघतच राहिला.

“हे काय?”

“पासष्ट. आमचं ठरलंय.”

त्याने टेप काढली. एका कोपऱ्यातून समोरच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी लावली. पुन्हा लावली. “स्वरूपा... टीव्हीचे इंच असे तिरके मोजतात. तू आडवे मोजलेस.”

“म्हणजे?”

“म्हणजे हा पासष्टचा नाही. पंचाहत्तरचा आहे.” त्याच्या ओठांच्या कडा थरथरत होत्या. हसू दाबत होता मेला! “हे माप मी गुरुवारीच मोजलं... रुचिराच्या भिंतीवर.”

धरणीमाते, दुभंग! एवढी मेहनत करून मी रुचिराचाच टीव्ही आमच्या भिंतीवर टांगला होता.

“हस ना,” मी ओरडले. “हस! जा तिकडेच, सुधू! पाच स्पीकर आहेत. भिंत मोठी आहे. सोफा मोठा आहे. ती पण...”

“ती पण काय?”

“सुंदर आहे.” माझा आवाज चिरकला. कुठे गेलं सूत्रसंचालन, कुठे गेला कॉन्फिडन्स! “मला नाही आवडलं तू गेलास ते. मी जळतेय. झालं समाधान?”

तो हसला नाही. टेप उगाच ओढत आणि सोडत राहिला. मग हळूच म्हणाला, “तिने बोलावलं, म्हणून गेलो. इथे मला काकांनी बोलावलं. काकूंनी चहाला बोलावलं. तू... एकदा तरी म्हणालीस, ये?”

मी आठवून बघितलं. ‘अजून थोडा’ म्हणाले होते, ‘अजून’ म्हणाले होते. ‘ये’ मात्र नव्हते म्हणाले.

“मला वाटायचं, तुला फक्त टेपवाला मुलगा हवाय,” तो म्हणाला.

“उद्या ये,” मी म्हटलं. “टेप आणू नकोस.”

“मग काय करायचं?”

“ये म्हटलं ना!”

आता मात्र तो हसला, आणि त्याचे कान लाल झाले. आम्ही तो अवाढव्य कागद उतरवला. दोन टोकं त्याच्याकडे, दोन माझ्याकडे, चादरीची घडी घालतात तसे. पहिली घडी घालायला दोघं एक-एक पाऊल पुढे आलो. दुसरी घडी... अजून पुढे. तिसऱ्या घडीला कागद संपला, आणि त्याची बोटं माझ्या बोटांवर राहिली. कुणीच काढली नाहीत.

“काकांना काय सांगायचं?” त्याने विचारलं.

“पंचावन्न. स्पीकर खालीच.”

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. स्क्रीनवर नाव झळकलं: रुचिरा.

तो माझ्याकडे बघायला लागला. मी मान उंचावली, एकदम समजूतदार मुलीसारखी.

“घे ना फोन. मी काही इतकी जळकी नाहीये,” मी म्हटलं. आणि त्याने हात सोडवून घ्यायच्या आत त्याची बोटं घट्ट धरली. “फक्त... डाव्या हाताने घे.”