दोन तावदानांमधली बाटली

रविवारची चर्चची घंटा अजून वाजायची होती, तोच फौजदार होझिया ट्रंबलच्या दारावर थापा पडल्या. बाहेर थेयर कुटुंबाचा शेजारी धापा टाकत उभा होता.

"चला लवकर. एलायहूची बायको गेली. आणि लोकांनी मोलकरणीला कोळशाच्या खोलीत कोंडलंय."

ट्रंबलनं बूट चढवले. रात्री व्हरमाँटमध्ये असा गारठा पडला होता की विहिरीचा दोर काठीसारखा ताठ झाला होता.

लव्हिनिया थेयर माडीवरच्या खोलीत निजल्यासारखी पडली होती. वय फार तर तीस. डॉक्टर विलकॉक्सनं तिची पापणी उचलून दाखवली.

"बाहुली बघ. टाचणीच्या डोक्याएवढी. मॉर्फिन."

"कशातून?"

डॉक्टरनं खिडकीकडे बोट केलं. तिथल्या खिडक्यांना हिवाळ्यात दुहेरी तावदानं असतात. त्या दोन काचांच्या मधे एक बाटली उभी होती. ट्रंबलनं ती काढली. आत तपकिरी बर्फाचा गोळा, आणि बाटलीच्या पोटाला उभी चीर. लेबलावर एक हसऱ्या म्हातारीचं चित्र होतं. खाली मजकूर: 'मदर अँब्रोज यांचे नसांचे अमृत. मूर्च्छा, अकारण रडू, वांझपण व स्त्रियांची सर्व नाजूक दुखणी यांवर रामबाण. दारूचा एक थेंबही नाही.'

डॉक्टरनं बर्फाचा कपचा जिभेला लावला आणि लगेच थुंकला. "कडूजहर. यातच आहे."

"बाटली खिडकीत कशाला?"

"बायकांच्या दुखण्याचं औषध पुरुषांच्या नजरेला पडू नये म्हणून," दारातून उत्तर आलं. "आमच्या घरची रीत आहे."

ही एलायहूची थोरली बहीण, थँकफुल थेयर. आईबाप गेल्यावर भावाला हिनंच वाढवलं, लग्न केलं नाही, घराच्या किल्ल्या कधी कमरेवरून खाली उतरवल्या नाहीत. गावातल्या दारूबंदी महिला मंडळाची ही अध्यक्ष. गावचा एकुलता एक गुत्ता हिनं बंद पाडला, तेव्हापासून गावचे पुरुष सैतानाला भीत नसतील तेवढे हिला भीत.

"मॉर्फिनची पूड घरात कुणाची?" ट्रंबलनं विचारलं.

"माझी. माझ्या गालफडात कळा येतात. गरम काढ्यात विरघळवून घेते. कपाटाला कुलूप नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या मोलकरणीला, नोराला तर चांगलंच."

"नोरा मालकिणीला का मारील?"

"हे नवराबायको घर विकून कॅलिफोर्नियाला निघाले होते. लव्हिनियाच्या नसांना तिकडची हवा मानवेल म्हणे. मग नोराला कोण ठेवतंय? बाटली आणते ती, चमचा देते ती. आणखी काय हवं तुम्हाला?"

"घर विकल्यावर तुम्ही कुठे जाणार होता?"

"देव ठेवील तिथे," ती म्हणाली आणि पलंगावरची चादर सारखी करू लागली.

दुपारी जिल्ह्याहून कैद्याला न्यायला बर्फावरची घसरगाडी येणार होती. एकदा का नोरा गेराटी त्या गाडीत बसली की संपलं, हे ट्रंबल जाणून होता. आयरिश पोरगी, मेलेली मालकीण आणि विष. जिल्ह्याच्या पंचांनी जेवायच्या सुट्टीआधी तिला फासावर चढवलं असतं.

कोळशाच्या खोलीत नोरा गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"चमचा तूच दिलास?"

"रोज मीच देते, साहेब. कालही दिला."

"आणि नोकरी जाणार म्हणून..."

"कोण म्हणतं? बाईसाहेब मला सोबत नेणार होत्या! 'तुझ्याशिवाय माझं रडगाणं कोण ऐकेल गं,' म्हणाल्या."

"काल औषध घेताना काही बोलल्या?"

नोरानं नाक पुसलं. "म्हणाल्या, 'आज यात दमच नाही गं. छातीत ऊब येईना.' मग बाटलीच तोंडाला लावली. मी म्हटलं, घेऊ दे, झोप तरी लागेल बिचारीला." ती हमसून रडू लागली. "मीच काढून घ्यायला हवी होती हो!"

"ऊब म्हणजे?"

तिनं दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मारू नका साहेब. मीही कधीमधी एखादा घोट मारायची. त्या कोरड्या घरात तेवढंच सुख."

"बाटली कायम तिथेच असते?"

"अख्खा हिवाळा तिथेच उभी असते."

तिथून ट्रंबल औषधवाल्या पेलकडे गेला. पेल चर्चला निघायच्या कपड्यात होता, पण गिऱ्हाईक म्हटल्यावर दुकान उघडायला कधी नाही म्हणत नसे.

"मदर अँब्रोज? मागच्या ओसरीवर आहे, आणतो."

"या थंडीत ओसरीवर?"

"गुलाबपाणी, व्हिनेगर शेगडीपाशी आणावं लागतं. ही म्हातारी कुठेही राहते," पेल डोळा मिचकावून म्हणाला. "दारूबंदीनंतर फार खपते हो."

थेयरांच्या बैठकीत एलायहू लवंग चघळत बसला होता. चर्चचा मानकरी, दारूला न शिवण्याची शपथ घेतलेला, कोरडा ठणठणीत माणूस. डोळे रडून लाल झाले होते.

"एलायहू, त्या औषधात असतं काय?"

"मला काय ठाऊक? पाला, मुळ्या. ताईला विचार." त्यानं खिशातून आणखी एक लवंग काढली.

ताईला विचारलं, "दारू तर नसेल ना त्यात?"

थँकफुलबाईंचा चेहरा तापला. "फौजदार, तुम्हाला वाचता येतं ना? मंडळातल्या प्रत्येक दुबळ्या बाईला मी स्वतः हे घ्यायला सांगते. पाला, मुळं आणि देवाची कृपा, बस!"

ट्रंबलनं मान डोलावली. मग तो स्वयंपाकघरात गेला. चुलीवर बाईंचा नेहमीचा पाल्याचा काढा होता. त्यानं तो बशीत ओतला, रंगाला थोडी काकवी घातली. पेलकडून आणलेलं औषध दुसऱ्या बशीत ओतलं आणि दोन्ही बश्या बाहेर बर्फात ठेवल्या.

घसरगाडीच्या घुंगरांचा आवाज आला तेव्हा त्यानं सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. नोरालाही आणलं, लोकांनी तिचे हात दोरीनं बांधले होते. दोन्ही बश्या टेबलावर आल्या. एकीतल्या काढ्याची बर्फाची काच झाली होती. दुसरी त्यानं हलवली, तर औषध काठावरून सांडलं.

"अख्खा हिवाळा ही बाटली त्या काचांत उभी होती आणि कधी गोठली नाही," ट्रंबल म्हणाला. "गोठेल कशी? निम्मी दारू आहे ती. काल रात्री मात्र दगड झाली. कारण कालच्या बाटलीत औषध नव्हतंच. कुणीतरी ते ओतून टाकलं आणि काकवी घातलेला काढा भरला. पूड गरम काढ्यात विरघळते, म्हणून."

"नोरानं!" थँकफुलबाई म्हणाल्या.

"नोरा चोरून प्यायची. तिला चव ठाऊक होती. मालकीण पहिल्या चमच्यालाच ओळखेल, हेही ठाऊक होतं. तिनं पूड दारूतच ढवळली असती." ट्रंबल वळला. "एलायहू, लवंग कशाला चघळतोस?"

एलायहूनं लवंग थुंकली. मग तो म्हणाला, "मी... मीही घ्यायचो. रोज. लव्हिनियाच देत असे."

"म्हणजे या घरात तिघांना माहीत होतं आत काय आहे. लेबलावर विश्वास ठेवणारं माणूस एकच होतं. त्याला वाटलं, आधीही काढाच, नंतरही काढाच, कुणाला कळतंय! आणि त्यात ऊब नव्हती, म्हणूनच लव्हिनियानं बाटली तोंडाला लावली, थँकफुलबाई."

बाई ताठ उभ्या होत्या. "मी त्याला मांडीवर वाढवलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "म्हातारपणी मला परक्याच्या ओसरीवर टाकून तो त्या रडूबाईमागे जाणार होता. हो, मी केलं." मग त्यांनी औषधाच्या बशीत बोट बुडवून जिभेला लावलं आणि त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. "दारू! अरे देवा, मी त्या साऱ्या बायकांना दारू पाजली!"

त्या खाली बसल्या आणि छाती पिटू लागल्या. लव्हिनियासाठी एक टिपूस न गाळलेली बाई आता धाय मोकलून रडत होती. ट्रंबलला किळस आली आणि कीवही.

घसरगाडी थँकफुलबाईंना घेऊन गेली. ट्रंबलनं नोराच्या हातांची दोरी सोडली. एलायहू पुढे आला.

"नोरा, तू राहा. घरात कुणीतरी हवं. मला खरंच कळलं नव्हतं गं, ताई असं..."

नोरा मनगटं चोळत त्याच्याकडे बघत राहिली.

"मालक, सकाळी मी ओरडले तेव्हा पहिले तुम्हीच धावत आलात. बाटलीतला बर्फ तुम्ही पाहिलात. ती कधी गोठत नाही, हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक होतं."

एलायहूचा हात लवंगेसाठी खिशाकडे गेला.

"तोंडाचा वास लपवायला मला फासावर जाऊ देणार होता तुम्ही."

तिनं खुंटीवरची शाल काढली, डोक्यावरून घेतली आणि पुढच्या दारानं बाहेर पडली. त्या दारानं नोकरमाणसांनी जायची त्या घरात रीत नव्हती. तिला कुणी अडवलं नाही.