मास्तरने भरलेले रांजण

परक्याच्या अंगणात शिरताना माणसाने आधी हाक मारावी. या एलिसेओ मास्तरला तेवढीही रीत ठाऊक नाही. तो गुणगुणत आला, आभाळाकडे बघत आला, आणि मी चटईवर वाळत घातलेल्या तारल्यांवर पाय देऊन उभा राहिला.

माझी धाकटी, फेलिसा, मासे उलटत होती. तिने मान वर केली.

"सर, ते मेलेलेच आहेत. पुन्हा मारायची गरज नाही."

त्याने खाली पाहिलं आणि कानापर्यंत लाल झाला. "मी... बिनिंगला शोधत होतो."

"दाराआड बघा. ती तिथेच राहते."

खोटं नव्हतं ते. बिनिंग माझी नात, नऊ वर्षांची. तिची आई हाँगकाँगला दुसऱ्यांची पोरं सांभाळते, आणि हिला मी, तिची लोला, म्हणजे आजी. कुणी आलं की ही दाराआड, नखं कुरतडत. आणि हा गाण्याचा मास्तर म्हणे, हिला शाळेच्या संगीत नाटकात घ्यायचं. मी हातातलं सूप खाली ठेवलं. जे पोर शेजारणीला स्वतःचं नाव सांगत नाही, ते गावापुढे गाणार?

"गाऊन काय होतं?" मी विचारलं. "मला एक गाणं येत नाही. माझं काय अडलं?"

"काहीच नाही, लोला. तुमचा आवाज चर्चपर्यंत जातो. तुमच्या नातीचा दारापर्यंतही येत नाही."

फेलिसाने ओठ चावून हसू दाबलं. मला दिसलं ते.

"माझे मासे तुडवलेस," मी म्हणाले. "आता रोज संध्याकाळी हापशावरून दोन रांजण पाणी भरायचं, लाकडं फोडायची. नाटक होईपर्यंत. कबूल असेल तर ने पोरीला."

वाटलं, दोन दिवसांत पळेल.

तो सहा आठवडे आला. शिकलेला माणूस, पांढरा सदरा, आणि खांद्यावर माझ्या बादल्या. मी ओट्यावर बसून मोजायची आणि अंगणातलं फेलिसाचं-त्याचं बोलणं ऐकायची.

"कुऱ्हाड अशी धरतात? बासरी नाही ती."

"मग शिकवा."

"फुकट नाही शिकवत मी."

"बदल्यात एक गाणं देतो."

"आईला गाणारी माणसं आवडत नाहीत."

"आणि... तुम्हाला?"

फेलिसा उलटलेलेच मासे पुन्हा उलटत बसली. केस मात्र कानामागे सारले—एकदा, मग आणखी एकदा. मी म्हटलं, पोरं आहेत, थट्टा करतात.

माझं लक्ष बिनिंगकडे होतं. ती आता मासे टाळीच्या तालावर उलटायची. नाटकातलं स्वतःचं गाणं म्हणायची, मग बाकीच्यांचीही. एके दिवशी अंगणातून खणखणीत आवाज आला, "काकू, तुमची कोंबडी आमच्या मासळीत शिरलीय. घेऊन जा." शेजारीण कुंपणावरून बघतच राहिली. मीही.

रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर चौकातल्या मांडवात नाटक झालं. आमच्या पोरीला काम काय, तर खेकड्याचं. खेकडा बघायला मी ठेवणीतला झगा घातला होता. मधेच राजकन्या झालेली पोर गाण्याच्या पहिल्याच शब्दाला थिजली. तेवढ्यात माझा खेकडा तिरपा तिरपा चालत तिच्यापाशी गेला, तिचा हात धरला आणि तिचं गाणं गाऊ लागला. दोन ओळी झाल्या, राजकन्येचा आवाज परत आला, आणि खेकडा गप्प होऊन तिरपाच मागे सरकला.

नाटक संपल्यावर मी बिनिंगला गाठलं. "सगळं गाणं तुझ्या हातात होतं. परत का दिलंस?"

"तिचं होतं ना, लोला. आम्ही सगळ्यांनी सगळ्यांची गाणी पाठ केलीत. कुणी पडलं की उचलायचं. उभं राहिलं की सोडायचं."

हे ती माझ्या डोळ्यांत बघून बोलली. तिच्या उजव्या डोळ्यात एक बारीक ठिपका आहे. नऊ वर्षं सांभाळूनही मला तो माहीत नव्हता.

मी अजून सावरले नव्हते, तोच मागच्या बाकावरून फेलिसाची धर्ममाता पासिंग पुढे वाकली.

"टोमासा, लग्न कधी?"

"कुणाचं?"

"वेड घेऊन पेडगावला जाऊ नकोस. सहा आठवडे जावई तुझे रांजण भरतोय. गाव बघतंय. तू तर मोजून घेतेस."

आमच्याकडे पोरगी मागायची तर पोराने तिच्या घरी पाणी भरावं, लाकडं फोडावीत. तिच्या आईने ती सेवा घेतली, की अर्धा होकार झाला. माझ्या नवऱ्याने दोन वर्षं फोडली होती. हल्लीची पोरं सगळं फोनवर उरकतात, ही कुरकुरही माझीच. आणि मीच, माझ्याच तोंडाने, भर अंगणात त्याला जुंपलं होतं.

मी फेलिसाला बाजूला घेतलं. "तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि त्याला?"

"त्याने विचारलं होतं, तुमची आई मला जावई म्हणून ठेवून घेतेय का. मी म्हटलं, पाणी भरा... बघू." तिने मान खाली घातली. "तू नाही म्हणालीस तर नाही, आई. पण... नाही म्हणू नकोस."

या पोरीने आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

तेवढ्यात एलिसेओ आला, घामाने निथळत. आशीर्वादासाठी माझा हात उचलून त्याने कपाळाला लावला. मी त्याचा हात सोडला नाही. त्याचा पंजा उलटा केला आणि पाहिला. पेटी वाजवणारी बोटं, आणि तळहातावर घट्टे. शेजारी फेलिसा पुन्हा केस कानामागे सारतेय. पासिंगची मान बगळ्यासारखी लांब.

"लाकडं तू अजून जाडच फोडतोस," मी त्याला म्हणाले. "माझी चूल पेटत नाही. तेव्हा येत राहा. आणि पुढच्या रविवारी तुझ्या आईला घेऊन ये—दारातून, हाक मारून. माझ्या मासळीवरून आलास, तर पोरगी देणार नाही."