पत्र्याने शिकलेला आकार

प्रयोगशाळेत पाणी उकळू लागलं तशी केतकी वाढईने पत्र्याची सपाट पट्टी चिमट्याने आत सोडली. ती चंद्रपूरहून तिच्या बाबांनी पाठवली होती, आत पलंग आणि ओटा असलेल्या त्यांच्या जुन्या घरगाडीच्या कडेची. शिडी जोडताना गॅसची ज्योत लागली आणि पत्रा आपोआप आत वळला, असं ते म्हणाले होते. सगळी हयात डेंटिंगमध्ये, गाड्यांचे पोचे काढण्यात गेलेल्या माणसाला पत्र्याने असं फसवावं, हे त्यांच्या फार जिवाला लागलं होतं.

पाण्यात पट्टी मुरडली. केतकीने ती गार करून सरळ केली, पुन्हा बुडवली. पुन्हा तशीच मुरडली.

"हे उलटंच झालं, सर," ती विभागप्रमुख शेखसरांना म्हणाली. "गाडीचा पत्रा स्मृतिधातूचा आहे. गरम केला की पोचा निघायला हवा."

"का निघतो? कारखान्यात पत्रा साच्यात घट्ट धरून पाचशे अंशांवर तापवतात. तेव्हा जो आकार असेल, तोच पत्रा शिकतो. पुढे गार असताना कसाही वाकवा. पासष्ट अंश झाले की शिकलेल्या आकारावर परत येतो. याला नंतर कुणीतरी दुसरा आकार शिकवलाय."

"कुणी?"

"आगीने. गाडी आधी चेपली असणार, मग जळली. पुढे कुणीतरी गार पत्रा ठोकून कसाबसा सरळ केला, हा खालचा पांढरा रंग फासला आणि विकली."

केतकीने पट्टी खाली ठेवली. विकणारा तर म्हणाला होता, उभ्या गाडीवर झाडाची फांदी पडली, आत कुणीच नव्हतं. दुसरा कुठलाही गॅरेजवाला असता तर उरलेल्या पोच्यांवर उकळतं पाणी ओतून मोकळा झाला असता, आणि पहिल्याच दिवशी बिंग फुटलं असतं. पण बाबांचं म्हणणं, पाणीच ओतायचं तर डेंटर कशाला लागतो? त्यांनी वर्षभर शेडच्या सावलीत हातोडीने सगळी गाडी सरळ केली आणि आईच्या हौसेखातर तिला गडद जांभळा रंग दिला. आज सकाळीच ती उन्हात काढली होती. मे महिन्यातल्या चंद्रपूरच्या उन्हात गडद पत्रा सहज सत्तरी गाठतो.

तिने फोन लावला.

"बाबा, आई कुठे आहे?"

"गाडीत. एसी लावून झोपली आहे. पण केतकी, छत कडकड वाजून राहिलं. खाली येऊन राहिलं वो ते! दरवाजा उघडत नाही. मी गॅस कटर आणतो."

"कटर नको," शेखसर फोनजवळ येऊन म्हणाले. "तापला की तो आणखी जोर करेल. गार पाणी ओता. गार झाला की मऊ पडतो, मग हातोडीने वाकवा."

पलीकडे आरडाओरडा झाला. शेजारच्या घरांतले कूलर उपसून लोक बादल्या आणत होते. केतकीला काहीच करता येत नव्हतं. आई, आई, एवढंच तिच्या मनात चाललं होतं. मग हातोडीचे घाव ऐकू आले, एकामागून एक, आणि कितीतरी वेळाने बाबांचा रडका आवाज, "फट पडली. बोल आईशी. आत देतो फोन."

"आई, लागलं का?"

"नाही गं," आई धापा टाकत म्हणाली. "पलंगावर छत आलं तशी मी खाली ओट्याकडे सरकली. सगळीकडून दाबलं, इथंच नाही आलं. वर खोलगट राहिलं आहे. गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर झोपलेलं माणूस मावेल, एवढंच. बरोबर बसली मी त्यात. देवानंच जागा ठेवली म्हणायची."

म्हणजे आत कुणीतरी होतं. गाडी चेपली तेव्हा छत गार, मऊ होतं. ते ज्याच्या अंगावर बसलं, त्याच्या अंगाचाच आकार आगीत पक्का झाला होता.

"आणि पोटाशी अजून एक खोलगट आहे," आई म्हणाली. "तसंच, पण लहान. काहून असेल गं? ऐकून राहिली ना?"

"हो, आई," केतकी म्हणाली. "तिथं हात नको लावू. तू आधी बाहेर ये."