मागचं वल्हं

मला पाण्याची भीती कधीच नव्हती. भीती होती ती सासऱ्यांना एक गोष्ट सांगायची. नवऱ्याची बदली झाली होती, बढतीसकट, आणि आम्हाला बिऱ्हाड उचलून दूरच्या शहरात जायचं होतं. म्हातारी माणसं मागे राहणार. हे सांगणार कोण? नवरा म्हणाला, "तूच सांग ना, बाबा तुझं ऐकतात." म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला मी!

बाबांनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. अंधाऱ्या खड्ड्यात एकट्याने काम करायची सवय, त्यामुळे बोलणं बेताचं. मी कुरिअरच्या ऑफिसात दिवसभर फोनवर बडबडते आणि उरलेली बडबड घरी आणते. मी बोलायची, ते "हं" म्हणायचे, आणि आमचं छान चाललं होतं. निवृत्तीनंतर त्यांनी कयाक घेतली. कयाक म्हणजे लांबट, अरुंद बोट. दोघांनी एकामागे एक बसायचं. रात्री तळ्यात जाऊन गळ टाकायचा त्यांना नादच लागला. सासूबाई म्हणायच्या, "मासा राहू द्या, सर्दी तेवढी न चुकता घरी येते."

त्या रात्री मी म्हटलं, "बाबा, आज मीही येते." ते इतके खूश झाले, की मला आणखीच अपराधी वाटलं. नवऱ्याने गाडीतून तळ्यापर्यंत सोडलं आणि तो गाडीतच बसून राहिला. त्याला बादलीभर पाणीही खोल वाटतं.

बाबांनी मला पुढे बसवलं. "पुढचा माणूस वेग धरतो, मागचा दिशा. तू नुसतं वल्हं मार, वळवायचं मी बघतो. आणि मागे वळून बघायचं नाही. बोट कलंडते."

तळ्याच्या मध्यावर त्यांनी आपलं वल्हं बोटीच्या कडेला रबरी पट्ट्याने बांधलं, गळ टाकला आणि कपाळावरचे दिवे विझवायला सांगितलं. काळोख असा, की माझाच हात मला दिसेना. पाणी बोटीच्या पोटाला हळूच चाटत होतं. मागून बाबांच्या बामचा ओळखीचा वास येत होता. मी मनातल्या मनात सुरुवातीचं वाक्य जुळवत होते. जुळत नव्हतं.

"पोरी…" बाबा म्हणाले. "परत जाऊ या का?"

"का हो? इतक्यात?"

"दमल्यासारखं होतंय… जरासं."

आवाज बारीक होता, पण बाबा कुरकुर करणाऱ्यांतले नव्हेत. मी कपाळावरचा दिवा लावला. समोर धुकं. काठ कुठल्या बाजूला, काही कळेना. मी घाबरून वल्हं मारायला लागले आणि बोट आपली गरागरा एका बाजूला फिरायला लागली.

"बाबा, वळवा ना!"

मग मागे पाण्यात वल्हं पडल्याचा आवाज आला. सावकाश, दमदार. बोट सरळ झाली. माझं वल्हं डावीकडे पडलं की मागचं डावीकडे, माझं उजवीकडे पडलं की मागचं उजवीकडे. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, दमलेत म्हणे! म्हाताऱ्याच्या अंगात अजून माझ्या दुप्पट जोर आहे.

बामचा वास मात्र आता येत नव्हता. वर्षानुवर्षं न उघडलेल्या पाण्याच्या टाकीत डोकावल्यावर येतो, तसा वास होता. तळ्याचाच असेल, मी म्हटलं.

अंधारात तोंड दिसत नाही तेव्हा बोलायला सोपं जातं. "बाबा, एक सांगायचं होतं…"

"हं."

मग मी सगळं सांगितलं. बदली, बढती, नवं घर, सणसणीत पगार. सुट्टीला येत जाऊ, रोज फोन करू, आईंच्या गुडघ्यांसाठी बाई लावू. बोलता बोलता मला रडू यायला लागलं, कारण प्रत्येक वाक्य खोटं वाटत होतं. मला जायचंच नव्हतं, आणि हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

मागचं वल्हं थांबलं.

"रागावलात?"

मी वल्हं मांडीवर ठेवून बसले होते. मागेही पाण्याचा आवाज नव्हता. तरी बोट पुढे चालली होती… एकाच वेगाने. मानेवर गार श्वास लागला. वळून बघावंसं वाटलं, पण बोट कलंडेल म्हणून वळले नाही. आता वाटतं, बरं झालं.

"बाबा… काहीतरी बोला ना…"

"हं," अगदी जवळून आलं. आणि वल्हं पुन्हा सुरू झालं.

काठाचा चिखल बोटीला लागला तेव्हा मी उडीच मारली. नवरा धावत आला. त्याचा पहिला प्रश्न, "सांगितलंस?" मी दिवा बोटीकडे वळवला.

बाबा एका कुशीवर कलले होते. हनुवटी छातीवर, चेहरा पांढराफटक. दोन्ही हात गळाच्या काठीवर आवळलेले, बोटांभोवती दोरा गुंडाळलेला. त्यांचं वल्हं बोटीच्या कडेला पट्ट्याने बांधलेलं होतं, त्यांनी बांधलं होतं तसंच.

पुढचं सगळं आम्ही कसं केलं, ते मला नीट आठवत नाही. नवऱ्याने गाडी कशी हाणली, ते त्यालाच माहीत. हार्ट अ‍ॅटॅक होता. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आणलंत. आणखी थोडा उशीर झाला असता तर माझ्या हातात काही नव्हतं." सासूबाई माझा हात धरून हमसाहमशी रडल्या. मीही रडले, आणि मग दोघी कँटीनमध्ये जाऊन पोटभर जेवलो. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

बाबांना वॉर्डात हलवलं तेव्हा ते उशीला टेकून बसले होते. सासूबाई संत्रं सोलत होत्या, नवरा खिडकीशी उभा.

"पोरी, तू होतीस म्हणून वाचलो," बाबा म्हणाले. "डोळे मिटत होते. पण तू सारखी बोलत होतीस."

"माझं तोंड कधी बंद असतं का बाबा?"

"एक मात्र कळलं नाही. पुढे तुझी पाठ दिसत होती… आणि बोलणं माझ्या मागून येत होतं. कानाशी."

"धुक्यात आवाज फिरतो," नवरा घाईने म्हणाला.

"काय बोलत होते मी?" मी विचारलं.

"तेच गं. 'बाबा, आम्ही कुठेही जाणार नाही. तुम्ही फक्त जागे राहा.' पुन्हा पुन्हा. तेवढं धरून बसून राहिलो मी." ते लाजल्यासारखे हसले. "तुम्ही जाणार आहात, हे मला बापाच्या मनाने आधीच कळलं होतं. म्हणून जीव नुसता टांगणीला लागला होता."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. सासूबाईंचा संत्रं सोलणारा हात थांबला. हे मी बोललेच नव्हते. बोलायला हवं होतं, ते हेच होतं.

"हो बाबा," मी म्हटलं. "कुठे जाणार आम्ही?"

नवरा माझ्या शेजारी येऊन बसला. "नाही जात," तो म्हणाला. त्याच्याही चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं.

बाबांनी संत्र्याची फोड तोंडात टाकली. "आणि शेवटी काठाशी आल्यावर म्हणालीस, 'आता पुन्हा येऊ तेव्हा आपण तिघं येऊ.'" ते मुलाकडे वळले. "येशील ना रे? पाण्याला घाबरायचं नाही."

"येईन," नवरा म्हणाला.

तिसरा म्हणजे आपला मुलगा, असं बाबांनी धरलंय. मीही तसंच धरते. दुसरं काही धरायची माझी तयारी नाही.